कॉफीच्या जागी बिअर

१५ ऑक्टोबर २०१० रोजी इटलीतल्या त्रेविझो शहरात एका नोटरीपुढे गोडाच्या पदार्थाची कृती रीतसर नोंदवली गेली. नोंदवणारी संस्था इटालियन पाककला अकादमी. घटक सहाच: १२ अंड्यांचे बलक, अर्धा किलो साखर, एक किलो मस्कारपोने चीज, ६० सावोयार्दी बिस्किटं, लागेल तेवढी कडक कॉफी आणि वरून भुरभुरायला कोको. ही तिरामिसूची ‘अधिकृत’ कृती. तिच्यात दारूचा थेंबही नाही.

हॉटेलातल्या तिरामिसूत मार्साला, रम किंवा कॉफी लिकर हटकून असते, त्यामुळे खाणाऱ्यांना हे खोटं वाटतं. पण त्रेविझोच्या ‘ले बेक्केरिए’ या रेस्टॉरंटात मालक आदो काम्पेओल यांची पत्नी आल्बा आणि तिथले पेस्ट्री शेफ रोबेर्तो लिंग्वानोत्तो यांनी जे तिरामिसू घडवलं आणि जे १९७२ साली मेन्यूवर आलं, ते असंच कोरडं होतं. शेजारच्या फ्रिउली प्रांताला हा इतिहास मान्य नाही. आपल्याकडे ते १९५०च्या दशकातच होत होतं, असं तिकडच्यांचं म्हणणं. २०१७ मध्ये इटलीच्या कृषी मंत्रालयाने पारंपरिक पदार्थांच्या यादीत तिरामिसू फ्रिउलीच्या नावे टाकलं, तेव्हा त्रेविझो ज्यात येतं त्या व्हेनेतो प्रांताचे तत्कालीन अध्यक्ष लुका झाया भडकले होते. मिसळ पुण्याची की कोल्हापूरची या वादात वाढलेल्या माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही.

आता बिअरकडे. इटलीत या प्रकाराला ‘बिर्रामिसू’ असं नाव पडलेलं आहे आणि बहुतेक ठिकाणी तो फसलेला असतो. कारण साधं आहे. बिअर म्हणजे दारू, म्हणून करणारा ती रमच्या जागी घालतो आणि कॉफी होती तशीच ठेवतो. पाच टक्क्यांच्या बिअरला रमची धार नसते. कॉफी मात्र पातळ होते आणि बिस्किटांचा गाळ होतो. मूळ कृतीत दारूला जागाच नव्हती, तर बिअरला ती मिळणार कुठून? तिने कॉफीची खुर्ची घ्यायला हवी. कॉफी तिथे तीन कामं करते: बिस्किट भिजवते, साखर-बलकाचा गोडवा कडवटपणाने कापते आणि भाजल्याचा वास देते. ही तिन्ही कामं एकटीने निभावणारी बिअर एकच, ती म्हणजे काळी स्टाउट.

कॉफी आणि स्टाउटच्या या नात्यामागे रसायन आहे. १८१७ साली इंग्लंडमध्ये डॅनिएल व्हीलर याने माल्ट भाजण्यासाठी फिरत्या लोखंडी पिंपाचं पेटंट घेतलं. त्या पिंपामुळे माल्ट न जळता काळंभोर भाजता येऊ लागलं आणि पोर्टर-स्टाउट बिअरचा रंग-वास पालटला. कॉफीची बी आणि जव, दोन्ही दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर भाजले की त्यांतली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी तेच खेळ खेळतात. पायराझिन नावाची खमंग वासाची संयुगं दोन्हींत सापडतात. म्हणून डोळे मिटून चांगली स्टाउट हुंगली की कॉफीचाच भास होतो, कॉफीचा दाणाही न घालता.

कडवटपणा मात्र दोन जातींचा. भाजल्याचा वेगळा, बिअरमध्ये घालतात त्या हॉप्स फुलांचा वेगळा. हॉप्सचा कडूपणा साय आणि साखरेच्या तावडीतून सुटून जिभेच्या मुळाशी बसतो. म्हणून हॉप्सने भरलेली आयपीए बिअर इथे अजिबात नको. साधी लागर घातली तर ओल्या ब्रेडची चव येते, त्यापेक्षा पाणी बरं. माझ्या मते सगळ्यांत सुरक्षित निवड मिल्क स्टाउटची. तिच्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर घातलेली असते. बिअरच्या यीस्टला ती पचवता येत नाही, त्यामुळे गोडवा आणि दाटपणा शिल्लक राहतो आणि मस्कारपोनेशी तिचं भांडण होत नाही.

इटलीत १९९६ पासून छोट्या ब्रूअरींची लाट आली. त्या वर्षी तेओ मुस्सो यांनी पिएमोन्तेतल्या पिओत्सो गावात ‘बालादिन’ सुरू केली. २०१६च्या कायद्याने तिथे हस्तकारागिरीची बिअर म्हणजे काय हेही ठरलं: पाश्चरायझेशन नाही, सूक्ष्म गाळणी नाही. अशा बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो. स्वयंपाकाला ओतताना शेवटचा बोटभर द्रव बाटलीतच ठेवायचा, नाहीतर क्रीमला मातकट चव येते. बालादिनचीच एक ‘जवाची वाइन’ (बार्ली वाइन, म्हणजे कडक बिअरच) मुद्दाम हवा लागू देऊन मुरवलेली असते. तिला फेस नाही, बुडबुडे नाहीत, वळण शेरी-मार्सालाचं. बलक-साखर फेटून केलेल्या झाबाय्योनेत मार्सालाऐवजी घालायला ती चोख. महाग आहे, हे खरं.

आता हाताचं काम. बिअर आदल्या रात्री उघडून पसरट भांड्यात ओतून ठेवावी, नाहीतर एका पेल्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत राहावं. गॅस राहिला तर बिस्किटाच्या पोकळ्यांत फेस भरतो, वरून ओलं दिसतं आणि आत कोरडा गाभा राहतो. थंड बिअर गॅस धरून ठेवते, म्हणून ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. सावोयार्दी दोन्ही बाजूंनी फक्त टेकवायची, बुडवायची नाही. अर्ध्या प्रमाणासाठी, म्हणजे ६ बलक, अर्धा किलो मस्कारपोने आणि ३० बिस्किटांसाठी, ३०० मिली स्टाउट पुरते. तिच्यात एक छोटा कप एस्प्रेसो मिसळला तर चव उचलली जाते.

बिअर थेट क्रीममध्ये ओतू नये. क्रीम सैल पडते आणि घोटत बसलं तर फाटून लोण्याचे कण सुटतात. तिथे बिअर हवीच असेल तर बलक, साखर आणि थोडी स्टाउट वाफेवर फेटत ८२ अंशांपर्यंत न्यावी, पूर्ण थंड करावी आणि मग हलक्या हाताने मस्कारपोने मिसळावं. कच्च्या अंड्याची धास्तीही यातच मिटते. बिअर आटवून पाक करण्याचा मोह अनेकांना होतो. तो कमी हॉप्सच्या बिअरलाच परवडतो. पाणी उडतं, हॉप्सचा कडूपणा तिथेच राहतो आणि चमचाभर पाकात अख्ख्या बाटलीचा कडूपणा उतरतो.

‘उकळलं की दारू उडून जाते’ ही समजूतही अर्धवट आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आकड्यांनुसार, पदार्थात मिसळून १५ मिनिटं मंद शिजवल्यावर सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरतं, अर्ध्या तासाने ३५. तिरामिसूत तर बिस्किटं भिजवणारी बिअर शिजतच नाही. एका वाढणीत ३० मिली बिअर धरली तर साधारण एक ग्रॅमहून थोडं जास्त अल्कोहोल पोटात जातं. मात्रा किरकोळ आहे, पण न पिणाऱ्या पाहुण्याला वाढण्याआधी सांगायलाच हवं. मुलांसाठी वेगळं भांडं, कॉफीचं.

पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ ही छोटी ब्रूअरी सुरू झाल्यापासून आपल्याकडेही ताजी बिअर मिळू लागली आणि नळावरची स्टाउट आता दुर्मीळ उरलेली नाही. अडतं ते मस्कारपोनेपाशी. चक्का वापरा, असा सल्ला सर्रास दिला जातो. चक्का दह्याचा, आंबट. मस्कारपोने सायीचं, गोडसर. स्टाउटच्या भाजक्या कडूपणाला आंबट चक्का भेटला की दोन्ही जास्तच बोचतात. त्यापेक्षा ताजी, जास्त स्निग्धांशाची क्रीम ८५ अंशांपर्यंत तापवावी, लिंबाचा रस थेंबथेंब घालून ढवळावी आणि पाच-दहा मिनिटांनी दाटली की फडक्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये निथळू द्यावी. टांगून पिळायचं नाही. रचलेलं तिरामिसू किमान सहा तास, शक्यतो रात्रभर गार राहू द्यावं आणि कोको वाढतानाच चाळावा. आधी चाळला तर स्टाउटची ओल तो शोषून घेतो आणि वर चिखलाचा थर होतो.