कंदिलाची कडी

आमच्या गच्चीवरून कोराडीच्या विद्युत्केंद्राचीं उंच धुराडीं दिसतात. तेथील पहिला संच १९७४ सालीं सुरू झाला. पुढें ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच उभे राहिले. अशा गांवीं राहून आम्हीं रॉकेलचे जुने कंदील जमवावे, याचें नातवंडांस मोठें हसूं येतें. 'आजोबा, सूर्याच्या घरीं काजवे कशाला?' असा त्यांचा प्रश्न. निवृत्तीनंतर इतवारींतील भंगाराच्या दुकानांतून असे अठरा काजवे आम्हीं घरीं आणिले आहेत.

त्यांत अमेरिकेचा डीट्झ आहे, जर्मनीचा फॉयरहँडही आहे; परंतु आमचा जीव प्रभाकर कंदिलावर. कराडनजीक ओगलेवाडी येथें १९१६ सालीं निघालेल्या ओगल्यांच्या काच-कारखान्याचा हा कंदील एके काळीं महाराष्ट्रांत घरोघर असे. नांवही सार्थ. प्रभां करोति इति प्रभाकरः. दिवाकर, निशाकर व भास्कर हे शब्द पाणिनीनें ज्या सूत्रांत साधले, त्यांतच हाही साधला आहे.

कंदील दुरुस्त करणें हें काम व्याकरणासारखेंच सावकाशीचें. प्रथम टाकी साबणाच्या पाण्यानें धुवून पुरती वाळवावी. आंत तेलाची वाफ राहिली असतां डाग देऊं गेल्यास भडका उडण्याचें भय. मग तींत पाणी भरून ती रात्रभर कागदावर ठेवावी, म्हणजे गळती कोठें आहे तें सकाळीं कळतें. तेथें कथलाचा डाग द्यावा. गंज चिंचेच्या पाण्यानें सुटतो. काच राखेनें पुसावी, वात सरळ कापून तिचे कोपरे किंचित् उतरावे. बाजूच्या दोन नळ्या केवळ काचेच्या आधारासाठीं नसतात. त्यांतून हवा वातीकडे उतरते, म्हणून ज्योत वार्‍यांतही टिकते. त्या नळ्यांतील कोळ्याचीं जाळीं काढण्यास विसरूं नये.

इतकें शास्त्र जाणूनही आमच्या हातून घरच्याच कंदिलाचा अपराध घडला. गेल्या दिवाळीपूर्वीं माळ्यावरील प्रभाकर आम्हीं खालीं काढिला. त्याच्या कडीस एका बाजूनें तांब्याची काळवंडलेली, वेडीवांकडी तार गुंडाळलेली होती. ती आम्हीं कापून भंगारांत टाकिली, नवी कडी बसविली आणि कंदील मोठ्या अभिमानानें वहिनींपुढें ठेविला. वहिनींनीं ऐंशी ओलांडली आहे. त्यांनीं कडीवरून बोट फिरविलें व विचारलें,

"भाऊजी, इथली तार काय झाली?"

आम्हीं सांगितलें. त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "थोरल्याच्या वेळीं रात्रीं पाऊस होता. तुमचे दादा सुईणीस आणावयास निघाले, अन् दारांतच कडी तुटली. त्यांनीं अंधारांत चांचपून ती तार बांधली होती."

दादांस जाऊन अकरा वर्षें झालीं. भंगारवाल्याकडे आम्ही तीन दिवस खेटे घातले. तार मिळाली नाहीं.

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळीं वहिनींनीं तोच कंदील स्वतः लाविला आणि देवघरापाशीं नेऊन ठेविला. "उजेड तोच आहे हो," एवढेंच त्या म्हणाल्या. आम्हांस मात्र मान वर करवली नाहीं.

आतां घरांतील कोणतीही जुनी वस्तु हातीं घेण्यापूर्वीं आम्ही वडीलधार्‍यांस विचारतों. बाजारांतून आणलेल्या कंदिलांविषयीं विचारावें असें कोणी नसतें. त्यांच्या तारा आम्ही तशाच राहूं देतों.