ठराव गावाचा, मंजुरी जिल्ह्याची

प्राथमिक शाळांचा कारभार लोकांनी निवडलेल्या मंडळाने पाहावा की नेमलेल्या अधिकाऱ्याने, हा प्रश्न महाराष्ट्रात शंभर वर्षांपासून चर्चेत आहे. रँग्लर र. पु. परांजपे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री असताना १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला आणि शाळा जिल्हा लोकल बोर्डे व नगरपालिकांच्या ताब्यात गेल्या. या संस्थांनी स्कूल बोर्ड नेमायचे आणि बोर्डाने शाळा चालवायच्या, अशी ती रचना होती. अमेरिकेत शाळा-मंडळ आणि त्याने नेमलेला अधीक्षक ही जोडी त्याआधीच रुळलेली होती. आपल्याकडे मात्र ती फार काळ टिकली नाही. स्थानिक संस्थांच्या हाती प्रमाणाबाहेर सत्ता गेली, असा ठपका १९२९ मध्ये हार्टोग समितीने ठेवला. १९३८ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने कायदा दुरुस्त करून बोर्डाचा प्रशासकीय अधिकारी सरकारच्या अखत्यारीत आणला. १९४७ च्या नव्या कायद्याने स्कूल बोर्ड ठेवले, पण अधिकारी सरकारचाच राहिला.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. शाळा त्यांच्याकडे गेल्या आणि आजची विभागणी तयार झाली. निवडून आलेला सभापती शिक्षण समितीचे अध्यक्षपद सांभाळतो, शिक्षणाधिकारी त्या समितीचा सचिव असतो. सभेची विषयपत्रिका तो सभापतींच्या संमतीने काढतो, उत्तर मात्र मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला देतो. त्याच्या हाताखाली तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, मग विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख आणि शेवटी मुख्याध्यापक अशी उतरंड आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हा या उतरंडीच्या तळाशी शाळा व्यवस्थापन समिती जोडली गेली. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या जागा महिलांच्या असतात. अध्यक्ष पालकांतून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतो.

प्रस्तुत लेखकाने अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापक म्हणून या समितीचे सचिवपद सांभाळले आहे. हा भाग ऊसतोड मजुरांचा. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी टोळीबरोबर कारखान्याच्या वाटेला लागतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. आईबापांबरोबर मुले गेली, की पटावर नाव राहते आणि वर्ग रिकामा होतो. यावर हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल आजी-आजोबांकडे राहते, दुपारी शालेय पोषण आहार घेते आणि सकाळ-संध्याकाळचे जेवण त्याला शाळेत मिळते. वसतिगृह चालवते शाळा व्यवस्थापन समिती. पैसा आणि मंजुरी वरून येते.

अधिकाराची वाटणी कुठे अडते, हे लेखकाला याच योजनेत सर्वांत स्पष्ट दिसले. कोणते घर कधी निघणार, कोणती आजी दोन नातवंडे सांभाळू शकते आणि कोणती अंथरुणाला खिळली आहे, हे समितीतल्या बायकांना तोंडपाठ असे. मुलांची यादी त्या एका बैठकीत पूर्ण करत. ठराव केंद्रप्रमुखांमार्फत पुढे जाई. पण मंजुरी येईपर्यंत काही टोळ्या निघून गेलेल्या असत आणि गाडीत बसून गेलेले मूल हंगामाच्या मध्यावर माघारी आणणे जवळजवळ अशक्य असते. एका वर्षी गावातल्या किराणा दुकानदाराने उधारीवर शिधा दिला म्हणून चूल वेळेवर पेटली. समितीचा ठराव झाला त्या दिवसापासून वसतिगृह सुरू करण्याची मुभा असावी आणि हिशेबाची तपासणी नंतर कितीही कडक व्हावी, असे लेखकाचे ठाम मत आहे. आणखी एक अडचण कायदा लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. ज्या पालकांच्या मुलांसाठी समिती काम करते, तेच सदस्य सहा महिने उसाच्या फडात असतात. त्यांच्या गैरहजेरीत गणपूर्ती होणे अवघड जाई, म्हणून महत्त्वाचे ठराव दसऱ्यापूर्वीच करून घ्यावे लागत.

शिक्षकांच्या बाबतीत समितीला जवळजवळ काहीच अधिकार नाही. ग्रामविकास विभागाच्या २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या सुगम आणि अवघड क्षेत्र ठरवून संगणकीय पद्धतीने होऊ लागल्या. त्यामुळे पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या आणि शिफारशींना आळा बसला. हा मोठा फायदा आहे आणि हा अधिकार गावाकडे आणू नये. पण पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवणारी बाई जात असल्याचे समितीला यादी लागल्यावरच कळते, हेही योग्य नाही. निदान समितीचे म्हणणे लेखी नोंदवून घेण्याची सोय हवी.

इमारतीचा अधिकार तिसऱ्याच ठिकाणी आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर तालुक्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषद शाळेची वर्गखोली कोसळून मुलांचा मृत्यू झाला. त्यानंतर जुन्या खोल्यांचा प्रश्न जिल्हाभर ऐरणीवर आला. मोडकळीस आलेली खोली पाडायची तर आधी तिचे निर्लेखन, म्हणजे नोंदीतून रीतसर वगळणे, व्हावे लागते. समितीचा ठराव, अभियंत्याचा पाहणी अहवाल आणि जिल्हा परिषदेची मंजुरी, इतके झाल्याशिवाय भिंतीला हात लावता येत नाही. खोली वापरायची नाही, एवढे मात्र मुख्याध्यापक आणि समिती त्याच दिवशी ठरवू शकतात. लेखकाच्या शाळेत पावसाळ्यात दोन वर्ग मारुतीच्या मंदिराच्या सभामंडपात भरवले गेले. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहिली नाही.

मार्च २०२२ मध्ये अहमदनगर जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत संपली. निवडणुका लांबल्या आणि प्रशासक म्हणून मुख्य कार्यकारी अधिकारीच कारभार पाहू लागले. शिक्षण समिती आणि सभापती दोन्ही राहिले नाहीत. शिक्षणाधिकाऱ्याने प्रस्ताव मांडायचा आणि त्याच्याच वरिष्ठाने तो मंजूर करायचा, अशी स्थिती आली. कामे थांबली नाहीत. काही कागद तर पूर्वीपेक्षा लवकर सुटले. पण अडलेल्या खोलीबद्दल भर सभेत प्रश्न विचारायला गटातून निवडून आलेला जिल्हा परिषद सदस्य उरला नाही, आणि गावकरी निवेदन घेऊन थेट अधिकाऱ्यांच्या दालनाबाहेर थांबू लागले. शाळेच्या कारभारात निवडून आलेली अशी पालकांची समितीच तेवढी राहिली. तिचे ठराव पूर्वीप्रमाणेच केंद्रप्रमुखांमार्फत वर जात राहिले.