रॉडवरची खडूची रेघ

उन्हाळ्यात अनसिंगच्या शिवारात तळ्यातला गाळ, शेणखत, मुरूम उपसायला लोडर फिरू लागले की एक तक्रार हमखास ऐकू येते: उचललेली बकेट इंजिन बंद केल्यावर आपोआप खाली बसते. त्यावरचं उत्तरही ठरलेलं, ‘सील गेलं, किट टाका.’ मला हे उत्तर अर्धवट वाटतं. 80 मिलिमीटर बोअर आणि 50 मिलिमीटर रॉडचा आर्मचा सिलिंडर घ्या. वजन रॉडला आत ढकलतंय. रॉड 10 सेंटिमीटर आत जायचा तर मागच्या बाजूचं सुमारे 500 मिलिलिटर तेल निघायला हवं. सील पार फाटलं तरी रॉडच्या बाजूला जागा होते जेमतेम 300 मिलिलिटरची. उरलेलं 200 मिलिलिटर कुठे जाणार? बाहेर गळती दिसत नसेल तर वाट एकच, वॉल्व्हमधून टाकीकडे. म्हणजे आर्म बसत असेल तर आधी संशय घ्यायचा तो स्पूलवर आणि पोर्ट रिलीफवर.

यावर मेकॅनिक म्हणेल, ‘पण किट टाकल्यावर फरक पडतो ना!’ पडतो, खोटं नाही. सील फुटलं की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि अख्खं वजन फक्त रॉडच्या क्षेत्रफळावर येतं. वरच्या मापांत दाब अडीचपट होतो, आणि झिजलेला स्पूल तेवढाच जास्त गळतो. नव्या सीलनं दाब उतरतो, गळती मंदावते, पण स्पूल झिजलेलाच राहतो. सीलचा दोष एकट्यानं पुरतो तो टिल्टच्या सिलिंडरमध्ये. स्किड लोडरची बकेट पुढे झुकताना तिथे रॉड बहुधा बाहेर ओढला जातो, आणि रॉडच्या बाजूचं तेल सील ओलांडून मागे सहज मावतं. म्हणून काय बसतंय, आर्म की बकेट, हे न विचारता किट मागवणं म्हणजे पैसे पाण्यात.

टिल्टची परीक्षा सोपी आहे. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करून लिव्हर हलवून दाब काढा, सिलिंडरचे होस सोडून दोन्ही तोंडं दाबाला टिकतील अशा लोखंडी प्लगनं बंद करा आणि सोडलेल्या होसच्या टोकांनाही प्लग लावा. रॉडवर सीलजवळ खडूची रेघ मारा आणि नुसता आर्म उचला, खाली कुणी उभं राहायचं नाही. रेघ सरकली तर सील, जागची हलली नाही तर वॉल्व्ह. हे सगळं तेल तापल्यावर करायचं. सकाळच्या गार, घट्ट तेलात निर्दोष दिसणारं मशीन वैशाखातल्या दुपारी, तेल पातळ झालं की, आपलं खरं रूप दाखवतं. थोडी घसरण मात्र नव्या मशीनलाही असते, कारण स्पूल सरकायला काही मायक्रॉनची फट ठेवावीच लागते. ती कंपनीच्या मर्यादेत असेल तर पाना खाली ठेवावा. आणि लिव्हर ओढताक्षणी आर्म दचकून खाली जाऊन मग वर येत असेल, तर तो दोष वेगळाच: लोड चेक वॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय का ते बघा.