कंबर आणि फटफटी

कंबर नावाचा अवयव आपणास आहे, याची जाणीव आम्हाला वयाच्या पन्नाशीपर्यंत झालीच नव्हती. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, मानवी आत्म्याविषयी पानेच्या पाने लिहिली. पण त्या आत्म्याला गावोगाव वाहून नेणारा कणा कशाच्या बळावर ताठ राहतो, हे परीक्षेत कोणी विचारले नाही. तो धडा वाशीम जिल्ह्यातील रस्त्यांनी आणि आमच्या फटफटीने दिला.

या जिल्ह्यात आपली माणसे थोडी आणि विखुरलेली. मालेगावकडे दोन घरे, रिसोडच्या वाटेवर तीन, मानोऱ्याच्या अंगाला एखाद्या तांड्यालगत एक. एस. टी. जाते तेथवर जाते. पुढे दुचाकीवाचून गती नाही. आमच्या आधीचे धर्मगुरू राजदूतवर हिंडले, आमच्या वाट्याला स्प्लेंडर आली. रस्ते म्हणाल तर ते काळ्या मातीवर बांधलेले. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरच्या डांबरालाही आपल्याबरोबर उठायबसायला लावते. त्यामुळे खड्डा नसला तरी लाट असतेच. (कंत्राटदाराचा वाटा वेगळा, तो बिचाऱ्या मातीच्या माथी मारू नये.)

२०२२ च्या उन्हाळ्यात कंबर बोलू लागली. प्रथम किक मारताना चमक, मग तासाभराच्या प्रवासानंतर उतरताना जडपणा, पुढे डाव्या पायात पोटरीपर्यंत मुंग्या. आम्ही वेदनाशामक गोळी घ्यायचो आणि निघायचो. आमचे धर्मशिक्षक तरुण आहेत. ते दर खेपेस म्हणत, “फादर, मांगं बसा नं, म्या चालोतो.” आम्ही हसण्यावारी नेत असू. धर्मगुरूला कोणीतरी मागे बसवून न्यावे, ही कल्पनाच आम्हाला रुचत नव्हती. तिला आम्ही स्वावलंबन असे गोंडस नाव दिले होते.

त्याच ऑगस्टात एका संध्याकाळी निरोप आला. मालेगावच्या पलीकडे एका गावी आमचे एक वृद्ध शेतकरी अखेरचे क्षण मोजत होते. त्यांना रुग्णाभ्यंग हवा होता. पवित्र तेल घेतले, पिशवी गळ्यात अडकवली आणि धर्मशिक्षकांना घरी पाठवून एकटेच निघालो. पाऊस लागलेला. गाव तीन-चार किलोमीटरांवर राहिले असता एका नाल्याच्या पुलाजवळ मागचे चाक पाण्याखालच्या खड्ड्यात आदळले. गाडी पडली नाही. पण आमची कंबर जागच्या जागी अशी धरली की पाय उचलून उतरताही येईना. मोबाईलला रेंज नाही. हँडलवर डोके टेकून आम्ही पाऊण तास तसेच होतो. शेवटी एक ट्रॅक्टर आला आणि त्याच्या ट्रॉलीत आडवे होऊन आम्ही गावात पोहोचलो.

म्हातारबाबा अर्ध्या तासापूर्वीच गेले होते. शेवटपर्यंत त्यांचे डोळे दाराकडे होते, असे कोणीतरी सांगितले. सांगणाऱ्याच्या मनात दोष देणे नव्हते. त्यांच्या पत्नीने आमच्याकडे पाहिले, मुलाला बाहेरची बाज आत आणायला लावली आणि म्हणाल्या, “पडा फादर. लय दुखून राह्यलं का?” ज्या घरी सांत्वन करण्यास गेलो, त्या घरी प्रेताशेजारी आम्हालाच बाज टाकून दिली गेली. त्या बाजेवर पडूनच आम्ही मृतासाठी प्रार्थना म्हटली.

पुढे अकोल्याला तपासणी झाली. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील चकती फुगून डाव्या पायाच्या शिरेवर टेकलेली दिसली. डॉक्टरांनी ममतेने समजावले. या चकतीभोवती चिवट तंतूंचे कडे असते, आत पाणीदार गर. तिला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नाही. पोषण शेजारच्या हाडांतून झिरपते आणि हालचाल त्याला साह्य करते. म्हणून आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडणे हा उपाय नव्हे, एक-दोन दिवसांनी चालू लागावे. स्वीडनमधील नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. साध्या बसण्याविषयीचे त्यांचे आकडे नंतरच्या मापनांत बदलले. पण पुढे वाकून बसले की दाब वाढतो, याविषयी वाद नाही. शिवाय बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला सुमारे चार ते सहा हेलकाव्यांना सर्वाधिक डोलतो आणि खडबडीत वाटेवर सीटखालून बहुधा त्याच सुमाराचे हेलकावे येतात. आम्ही पोक काढून, गळ्यात मिस्सेचे साहित्य लोंबकळवून, तासन् तास तेच करीत होतो!

मालेगावच्या मेकॅनिकने मागचे शॉकअप हाताने दाबून पाहिले व निदान केले, “गाडीचं गेलं, म्हून तुमचंबी गेलं.” शॉकअप बदलले, टायरमध्ये हवा प्रमाणात ठेवू लागलो, पिशवी गळ्यातून काढून कॅरिअरला बांधली. गुडघे टाकीला चिकटवून बसावे, गतिरोधक आला की फुटरेस्टवर जोर देऊन बूड किंचित उचलावे, अर्ध्या तासाने उतरून चार पावले चालावे, डबल स्टँड लावताना कमरेने न ओढता पायाने दाबावे, हे सारे उतारवयात शिकलो. आणि एक गोष्ट डॉक्टरांनी बजावून सांगितली, ती आम्हीही वाचकांस बजावतो: मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवीवरचा ताबा सुटला वा पायातील शक्ती गेली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये, त्याच घटकेस मोठे रुग्णालय गाठावे.

आता दूरच्या फेरीला धर्मशिक्षक गाडी चालवतात, आम्ही मागे. वास्तविक मागची सीट चाकाच्या ऐन वर असते, तेथे धक्का अधिक बसतो, आणि पुढचे दिसत नसल्याने वेळेवर उठताही येत नाही. म्हणून ते “खड्डा!” असे ओरडतात आणि आम्ही आज्ञाधारकपणे उठतो. डिसेंबर २०२२ मध्ये खुला झालेला समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. वरून मोटारी सुसाट जातात. आम्ही पुलाखालून, खड्ड्यांचा पुकारा ऐकत.

त्या घरी वर्षातून दोन-तीनदा जाणे होते. फटफटीचा आवाज ऐकताच आजी तीच बाज अंगणात ओढतात आणि आधी कमरेची चौकशी करतात. सुंभाची झोळ पडलेली बाज कमरेला वाईट, हे आम्हाला आता पक्के ठाऊक आहे. तरी आम्ही तिच्यावरच बसतो.