प्रस्ताव कुणाचा मिंधा?

निवडणुकीत ज्याचा पैसा लागला, त्याचं काम पुढं अडत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण मताला उमेदवारच नसेल, नुसता एक प्रश्न असेल, तर मिंधं होणार कोण? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये जवळपास असाच विचार केला आणि सार्वमतात कंपन्यांना पैसा खर्चायची मुभा दिली. पुढं 2021 मध्ये तिथल्या निवडणूक आयोगानं ठरवलं, की परदेशी देणग्यांवरची बंदी निवडणुकीपुरती आहे आणि सार्वमत ही निवडणूक नव्हे. प्रकरण मोंटानातल्या खाणींवरच्या सार्वमताचं होतं, त्यात पैसा घालणाऱ्या कंपनीचं मूळ ऑस्ट्रेलियात.

त्याच वर्षी मेन राज्यात या पळवाटेचं खरं रूप दिसलं. कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीज मेनच्या जंगलातून मॅसॅच्युसेट्सला न्यायची होती. वीज विकणारी हायड्रो-क्युबेक ही क्युबेक सरकारच्याच मालकीची, आणि तिनं यावरच्या सार्वमताच्या प्रचारात दोन कोटी डॉलरहून अधिक ओतले. शेजारच्या देशातलं सरकार मतदाराच्या दिवाणखान्यात येऊन जाहिरात करत होतं! तरी सुमारे 59 टक्के लोकांनी ही वीजवाहिनी नाकारली. (विरोधकांचा पैसाही काही मेनच्या शेतकऱ्यांचा नव्हता, त्यात फ्लोरिडाच्या नेक्स्टएरा या वीजकंपनीचा मोठा वाटा होता.)

2023 मध्ये मेनच्या 86 टक्के मतदारांनी परदेशी सरकारांच्या पैशाला बंदी घातली. गंमत म्हणजे त्याच दिवशी दुसराही प्रश्न होता: राज्यातल्या दोन मोठ्या वीजकंपन्या लोकांच्या मालकीच्या करायच्या का? एकीची मूळ मालक स्पेनची इबरड्रोला, दुसरी कॅनडातल्या कॅलगरी शहराच्या मालकीची. दोघींनी मिळून चार कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला आणि तो प्रस्ताव सपाटून पडला. मला यात विसंगती दिसत नाही. एखाद्याचं म्हणणं पटतं, म्हणून त्याला घरच्या बैठकीत बसवायचंच असं थोडंच आहे?

मेनचा कायदा पुढं संघीय न्यायालयानं रोखला. परदेशी सरकारचा पाच टक्के वाटा असला, तरी सगळी कंपनी गप्प करायची, हे न्यायालयाला पटलं नाही. नाइलाजानं मलाही पटत नाही.

ओहायो राज्यानं तर 2024 च्या अशाच कायद्यात ग्रीनकार्डवाल्यांनाही परदेशी ठरवलं. खालच्या न्यायालयानं तेवढा भाग थोपवला, वरच्यानं पुन्हा चालू करू दिला. माझा मावसभाऊ तिथंच राहतो, ग्रीनकार्डावर. कर भरतो, मुलं तिथल्या शाळेत जातात, वीजबिल दरमहा येतं. मत देता येत नाही, हे त्यानं केव्हाच मान्य केलंय. पण आपल्या राज्यातल्या प्रश्नावर दहा डॉलर देणाऱ्या त्याला आणि कोट्यवधी ओतणाऱ्या परक्या सरकारला एकाच पंगतीत बसवणं मला न्याय्य वाटत नाही. त्या राज्याशी काहीही संबंध नसलेल्या, पण अमेरिकी पासपोर्ट असलेल्या अब्जाधीशाला मात्र तिथं कुणीही अडवत नाही.