न पेरलेलं

‘पेरलं तेच उगवतं’ हे वाक्य माझ्या माहेरी कशावरही बोललं जायचं. परीक्षेत मार्क कमी पडले, कुणाचा मुलगा वाया गेला, कुणाची म्हातारपणी नीट सेवा झाली, सगळ्याला तेच. त्यात खटकण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. हल्ली मात्र ते पिच्छा सोडत नाही. फॉलिक्युलर स्टडीच्या सोनोग्राफीसाठी बाकावर नंबराची वाट बघताना, पोटावर इंजेक्शन घेताना, कुणी ओटीत तांदूळ घालत असताना मी ते मनातल्या मनात उलटसुलट करून बघते.

पेरणारा, बी आणि जमीन, तिन्ही त्यात गृहीत आहेत. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात तर स्त्रीला सरळ शेतच म्हटलंय, पुरुषाला बी, आणि पीक कुणाचं, शेतवाल्याचं की बीवाल्याचं, यावर मोठा खल आहे. शेताला कुणी काही विचारत नाही. अजूनही पीक आलं नाही की नजर आधी जमिनीकडे जाते. माझं रक्त तपासलं, एएमएच झालं, सोनोग्राफ्या झाल्या, नळ्यांत औषध सोडून एक्स-रे काढला. नवऱ्याची तपासणी सगळ्यांत सोपी आणि स्वस्त, ती शेवटी झाली. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण असतं, तरीही.

तीही नॉर्मल आली. सगळंच नॉर्मल आलं. काही जोडप्यांत कारण सापडतच नाही, असं म्हणून डॉक्टरांनी फाइलवर ‘अनएक्सप्लेन्ड’ लिहिलं. घरी आल्यावर कळलं की मी दोष निघण्याची वाट बघत होते. दोष निघाला असता तर त्याला धरून रडता आलं असतं, म्हणही खरी ठरली असती. आता बी चांगलं, जमीन चांगली, आणि उगवत काही नाही. अशा वेळी ती म्हण माणसाच्या वागण्याकडे बोट दाखवते. काहीतरी पेरलंच असेल; मागच्या जन्मी, नाहीतर उशिरा लग्न केलं त्यात. झोप लागत नाही तेव्हा मी स्वतःच असलं काही शोधत बसते.

सासूबाईंचं घर पिढ्यान् पिढ्या रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं. श्रावणात शुक्रवारी त्या जिवतीची पूजा करतात आणि वद्य षष्ठीला शेजारणींबरोबर कमरछठ. बलरामाचा जन्मदिवस, त्याचं आयुध नांगर, म्हणून नांगरलेल्या जमिनीतलं त्या दिवशी काही खायचं नाही. अंगणात सगरी, म्हणजे छोटंसं तळं, खणून तिच्यात पाणी ओततात. म्हशीचं दूध, सहा तऱ्हेच्या भाज्या आणि पसहर तांदूळ. पूजा झाली की आया मातीच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं मुलांच्या पाठीवर थोपटतात. पसहर कुणी पेरत नाही. तो डबरीच्या कडेला, दलदलीत येतो आणि गोलबाजारात साध्या तांदळाच्या कितीतरी पट भावानं विकला जातो. लेकरांसाठीचं व्रत, आणि पानात न पेरलेलं धान्य! सासूबाईंनी काही न बोलता तो भात माझ्याही पानात वाढला, तेव्हा ती म्हण खोटी पडल्याचा मला फार आनंद झाला.

तो टिकला नाही. रानातला भात पिकता पिकताच दाणे गाळून टाकतो. ते चिखलात निजून राहतात आणि कधीतरी उगवतात. म्हणजे तोही पेरलेलाच, फक्त पेरणारा तो स्वतः. आपण खातो तो भात, दाणा कापणीपर्यंत लोंबीला धरून ठेवणारा, माणसानं हजारो वर्षं निवडून घडवला. पसहरच्याच गोतावळ्यातला करगा शेतात घुसला की इथले शेतकरी तो उपटून फेकतात. कोवळेपणी तो ओळखू येत नाही, म्हणून इथल्या कृषी विद्यापीठानं जांभळ्या पानांचा ‘श्यामला’ हा वाण काढला. त्यात जे हिरवं दिसेल ते तण. एकाच कुळाचा एक दाणा तण आणि एक पूजेचा. हे कोण ठरवतं?

याच शहरात डॉ. आर. एच. रिछारिया होते. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक असताना, परदेशी वाण आपल्याबरोबर रोग आणतील म्हणून त्यांनी विरोध केला आणि 1960च्या दशकात ते पद गेलं. पुढे 1970च्या दशकात रायपूरला त्यांनी खेडोपाडी फिरून, शेतकऱ्यांना विचारून, हजारो देशी वाण गोळा केले. तो संग्रह आता इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात आहे, 23,000च्या वर वाणांचा. मला त्या माणसाबद्दल गेले काही महिने विलक्षण माया वाटते. बी थंडीत ठेवलं तरी कायम जगत नाही. काही वर्षांनी ते काढून पेरावं लागतं, नवं बी घेऊन पुन्हा ठेवावं लागतं. तेवीस हजार वाणांची अशी पाळीपाळीनं पेरणी करत राहायची, कुणी ते खाणार असो वा नसो.

आयव्हीएफमध्ये आमचे गर्भ तयार झाले की तेही असेच थंडीत, उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतील. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी तर 1978 सालीच गोठवलेल्या गर्भातून ‘दुर्गा’ या टेस्ट-ट्यूब बाळाचा जन्म घडवला होता. सरकारी समितीनं विश्वास ठेवला नाही. 1981मध्ये त्यांनी आत्महत्या केली. 1986 साली मुंबईच्या केईएममध्ये हर्षा जन्मली आणि देशातली पहिली टेस्ट-ट्यूब बाळ ठरली. तिच्या जन्मामागे डॉ. इंदिरा हिंदुजांसोबत असलेल्या डॉ. आनंद कुमारांनीच 1997मध्ये मुखोपाध्यायांची टिपणं वाचून पहिलेपणाचा मान त्यांना परत दिला. स्वतःचा मान सोडून असं लिहिणारा माणूस विरळा. पण मुखोपाध्याय ते वाचायला नव्हते. पेरलं ते उगवलं, असं इथे म्हणायचं का? दुर्गा तर उगवलीच होती.

संमतिपत्र अजून टेबलावर आहे. 2021च्या कायद्यानं गर्भ दहा वर्षांपर्यंतच ठेवता येतो. उरलेल्यांचं काय, नष्ट होऊ द्यायचे की संशोधनाला द्यायचे, ते आधीच लिहून द्यायचंय. नवरा म्हणतो संशोधनाला देऊ, कुणाच्या तरी कामी येतील. मलाही ते पटतं. पण भाताच्या दाण्याला परत शेत मिळतं, आणि यांना नाही. माझं मन तिथे अडतं. आणि एकही गर्भ तयार झालेला नसताना मी उरलेल्यांची काळजी करतेय, ही आशा आहे की भीती, तेही मला सांगता येत नाही.