दहा मिनिटांचा रियाज

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा बेसूर वाटेल, सांभाळून घ्या! विषयही बेसुराचाच आहे.

सप्टेंबरात होस्टेलच्या लोखंडी दारात डाव्या हाताची अनामिका सापडली. फ्रॅक्चर! हाड जुळलं, पण बोट तार दाबेचना. साधी 'सी' कॉर्डसुद्धा खरखरायची. गिटार कॉटखाली ढकलली आणि गॅदरिंगच्या यादीतून नाव काढून घेतलं.

तेव्हा रूममेटने टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. 1965 साली बर्मिंगहॅमच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात! पठ्ठ्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा चढवल्या आणि पुढे 'ब्लॅक सॅबथ' गाजवला.

मग माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. पहिली तार 12 ऐवजी 10 गेजची लावली, की त्याच सुराला ताण तीसेक टक्के कमी. सगळ्या तारा दोन सेमिटोन उतरवल्या, की उरलेल्यातला आणखी वीस टक्के कमी. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला, की सूर पुन्हा जागेवर!

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी दिवसाला दहाच मिनिटं दिली. दुखलं की थांबायचं. पूर्वी मी दोन-दोन तास वाजवायचे, पण चुकाच घोटायचे. दहा मिनिटांत चुका परवडत नाहीत!

गॅदरिंगला मी प्रेक्षकांतच बसले. पण त्या रात्री खोलीत 'सी' कॉर्ड पहिल्यांदा स्वच्छ वाजली. शेजारून ओरड आली, "अगं बाई, झोप आता!"

इतकी गोड दाद मला स्टेजवरही कधी मिळाली नव्हती.